बाराव्या आठवड्याचा एमआरआय

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू रिपोर्टमधली 'गाठीचा अंश शिल्लक' एवढीच ओळ वाचलीस आणि पुढे तुला बोलवेना. मलाही नीट बोलता आलं नाही. एमआरआय वाचणं माझं रोजचं काम, पण तुझी चित्रं उघडायला रात्र झाली.

आधीची आणि आताची शेजारी लावून पाहिली. केमोथेरपी आणि रेडिएशनच्या उपचारांपूर्वी गाठ ४ सेंटिमीटर होती. गुदद्वाराच्या कर्करोगात टप्पा मुख्यतः आकारावर ठरतो; टी-१ ते टी-४ अशा पायऱ्यांत २ ते ५ सेंटिमीटर म्हणजे टी-२. शेजारच्या मूत्राशयात वगैरे शिरली असती, तर आकार कितीही असो, टी-४ झाली असती. तशी ती शिरली नव्हती, आणि जांघेतल्या ग्रंथीही स्वच्छ होत्या.

आता परवाचं. ज्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, त्यात गाठ करडी दिसते आणि बरी होऊन व्रण धरला की काळी पडते. तुझी बरीचशी जागा काळी झालीय, मध्ये एक करडा पट्टा उरलाय. तो गाठीचा की रेडिएशनच्या सुजेचा, हे आज कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. डिफ्यूजनच्या चित्रात, पेशींची दाटी असेल तिथे पाण्याला हलायला वाव नसतो आणि ती जागा झळकते. तुझी झळक खूपच मंदावलीय. मला याचा फार धीर वाटला.

'आता ऑपरेशनच ना?' असं तू विचारलंस. नाही रे, इतक्यात नाही! ही गाठ केमो-रेडिएशननंतर महिनोन्‌महिने विरघळत राहते. ब्रिटनमधल्या 'अ‍ॅक्ट टू' या मोठ्या अभ्यासात, उपचार सुरू झाल्यापासून ११व्या आठवड्याला गाठ पूर्ण न गेलेल्या, पण २६व्या आठवड्यालाही तपासलेल्या रुग्णांपैकी ७२ टक्के जणांची तोवर गेली होती. तुझा परवा १२वा आठवडा होता. त्या ऑपरेशनमध्ये गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी लावावी लागते, म्हणून गाठ उरलीय हे बायोप्सीने पक्कं झाल्याशिवाय ते करत नाहीत. मधल्या काळात गाठ वाढतेय असं दिसलं तर गोष्ट वेगळी, म्हणून डॉक्टरांची बोटाने केलेली तपासणी एकदाही चुकवू नकोस.

पुढचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर कर, म्हणजे तुलना चोख होईल. सीडी मागून घे. तारीख मिळाली की कळव, मी सोबत येतोय.

तुझाच,
मित्र