टाकी गळते का बघता, पण तिचे पाय कोण बघणार?

संपादक साहेब, नमस्कार.

जलजीवन मिशनमधून आमच्या भागात गावोगाव नव्या उंच टाक्या उभ्या राहिल्या, चांगलंच झालं, पण टाकी ताब्यात घेताना सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, पाणी भरलं की गळते का. खालच्या कॉलमचं कोणी विचारतच नाही. अहो हा लातूर जिल्हा आहे, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात एक टाकी सरळ खाली बसली आणि तिचे सहाही कॉलम तिच्याच बुडाखाली गाडले गेले!

एक लाख लिटर म्हणजे शंभर टन पाणी, ते सगळं वर आणि खाली मोजके पाय. बिल्डिंगमध्ये एखादा कॉलम गेला तर बाकीचे कॉलम, भिंती थोडंफार सांभाळून घेतात, टाकीला ती सोय नाही. शिवाय पाणी काही गप्प बसत नाही, बुडाकडचं भिंतीबरोबर हलतं आणि वरचं वेगळंच हिंदकळतं, म्हणून तर आयएस १८९३ या भूकंपाला टिकेल अशा डिझाईनच्या भारतीय मानकाच्या २०१४ च्या भाग २ मध्ये दोन्हीचा हिशोब वेगवेगळा धरायचाय. कॉलमऐवजी एकाच गोल पोकळ शाफ्टवर, म्हणजे नळकांड्यासारख्या जाड खांबावर, उभ्या टाक्या दिसायला दणकट, पण २००१ ला भुजच्या भूकंपात त्यांना बुडाजवळ गोलाकार आडव्या भेगा पडल्या, काही तर कोसळल्याच.

आणि डिझाईन कागदावर ठीक असलं तरी घोळ साईटवर होतो. कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून आवळणारी लोखंडी कडी म्हणजे रिंग, तिच्या टोकाचा हूक १३५ डिग्रीत आत वळवायचा असतो म्हणजे जोरात हादरे बसले तरी रिंग उघडत नाही, पण ९० वरच सोडून देतात कारण काम पटकन उरकतं, आणि कॉलमला ब्रेसिंगचा, म्हणजे कॉलम एकमेकांना जोडणारा आडवा बीम मिळतो त्या जॉइंटात तर रिंगाच गायब, का तर म्हणे तिथं हात जात नाही. मी एका साईटवर बोललो तर ठेकेदाराचा माणूस म्हणतो, काका इथं काय रोज भूकंप होतोय का. आता काय बोलणार!

माझं म्हणणं एवढंच, काँक्रीट टाकायच्या आधी प्रत्येक टप्प्याच्या रिंगांचे फोटो ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, हूक आणि जॉइंट स्पष्ट दिसला पाहिजे, नाहीतर त्या टप्प्याचं बिल काढू नका. आणि जुन्या टाक्यांच्या कॉलमला गंजलेल्या सळया बाहेर आल्यात, तिथं आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा, रंग नंतर मारा.

– एक वाचक, औसा (जि. लातूर)