विहिरी विकल्या, बुजवल्या नाहीत

एस्बियर्ग, डेन्मार्क
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलेत की, कोळसा जाळणारी इथली कंपनी पवनचक्कीवाली झाली म्हणतात, ते खरे की नुसती पाटी बदलली? मी तेव्हा ‘खरे आहे’ एवढेच म्हणाले. चंद्रपूरच्या वीज केंद्रात तीस वर्षे बॉयलरपाशी काढलेल्या माणसाला हे उत्तर पुरणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या कंपनीचे नाव ऑर्स्टेड आणि आधीचे नाव डाँग. ‘डॅनिश तेल व नैसर्गिक वायू’ या अर्थाच्या डॅनिश शब्दांची ती आद्याक्षरे. १९७०च्या दशकात सरकारने ही कंपनी काढली आणि २००६ मध्ये काही वीज कंपन्या तिच्यात विलीन झाल्या. त्यांच्याबरोबर कोळशाची केंद्रे आली, तशाच समुद्रातल्या थोड्या पवनचक्क्याही आल्या. लोलान बेटाजवळ विंडेबी येथे १९९१ मध्ये उभारलेला ११ पवनचक्क्यांचा समूह हा समुद्रातला जगातला पहिला. पण सगळ्या मिळून त्यांची क्षमता पाच मेगावॅटही भरत नव्हती. आमच्या किनाऱ्यासमोरच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पाची गोष्ट तुम्हाला विशेष आवडेल. तिथे २००२ मध्ये दोन-दोन मेगावॅटच्या ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर इतके बिघडू लागले की, २००४ मध्ये ८०च्या ८० पवनचक्क्यांची यंत्रे खांबांवरून उतरवून किनाऱ्यावर दुरुस्तीला आणावी लागली. एका संचाच्या ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत तुम्ही घरी जेवायलाही येत नव्हता. इथे तर एकदम ऐंशी! पुढे या कंपनीला समुद्रात कोणी हात धरू शकला नाही, त्यामागे अशी शिकवणी आहे.

मुख्य निर्णय २००८-०९ चा. तेव्हा कंपनीची ८५ टक्के वीज आणि उष्णता खनिज इंधनांतून येत होती व १५ टक्के इतर मार्गांनी; हे प्रमाण २०४० पर्यंत नेमके उलटे करायचे असे ठरले. त्याच सुमारास जर्मनीच्या किनाऱ्यावर लुबमिन येथे कंपनी मोठे कोळसा केंद्र उभारणार होती, पण स्थानिक लोकांनी जोराचा विरोध केला आणि २००९ मध्ये तिला माघार घ्यावी लागली. यात कोणाला पश्चात्ताप झाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. कोळशाला पुढे परवानगी आणि पैसा दोन्ही मिळणे अवघड जाईल, एवढा हिशेब त्यांनी इतरांच्या आधी मांडला.

तरीही पैशाची ओढाताण चुकली नाही. २०१२ च्या सुमारास वायूचा धंदा तोट्यात गेला आणि कर्ज डोईजड झाले. अखेर २०१४ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने आठ अब्ज क्रोनर (डेन्मार्कचे चलन) देऊन १८ टक्के हिस्सा घेतला. लोकांच्या मालकीची कंपनी परक्या सावकाराला विकली म्हणून इथे एवढा गदारोळ माजला की, आघाडीतला एक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. २०१६ मध्ये समभाग बाजारात आले, तरी निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा सरकारने हातचा सोडला नाही आणि तो आजही त्याच्याकडेच आहे. २०१७ मध्ये तेल-वायूचा सगळा धंदा इनिऑस या कंपनीला विकला गेला. नावातलेच तेल गेल्यावर जुने नाव शोभेना, तेव्हा १८२० मध्ये विद्युतप्रवाह आणि चुंबकत्व यांचा संबंध दाखवणाऱ्या हान्स क्रिस्टियान ऑर्स्टेड या शास्त्रज्ञाचे नाव घेतले.

बाबा, तुमच्या प्रश्नाची मेख इथे आहे. विहिरी विकल्या, बुजवल्या नाहीत. त्यांतून निघालेले तेल आणि वायू पुढेही कोणीतरी जाळलेच. फक्त ते दुसऱ्याच्या वहीत गेले. शिवाय २०१९ मध्ये कंपनीचा हरित वाटा ८६ टक्क्यांवर पोहोचला, म्हणजे २०४० चे उद्दिष्ट वीस वर्षे आधीच गाठले, त्यातही बरीच केंद्रे कोळशाऐवजी लाकडी पेलेट, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, जाळू लागली होती. ही केंद्रे विजेबरोबर शहरांना गरम पाणी पुरवतात, त्यामुळे ती एकाएकी बंद करता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण लाकूड जाळल्यावरही चिमणीतून कर्बवायूच निघतो आणि झाड पुन्हा वाढायला वर्षे लागतात.

बांधकाम मात्र शंभर टक्के खरे आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर हॉर्नसी येथे पहिल्या टप्प्यात १७४ पवनचक्क्या आहेत, १.२ गिगावॅटच्या, म्हणजे १,२०० मेगावॅटच्या. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटशी ताडून पाहताना पीएलएफ, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्ष निघते ते प्रमाण, ध्यानात घ्या. समुद्रात चांगल्या जागी तो चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास मिळतो. पैसा उभा करण्याची रीत अशी की, प्रकल्प बांधायचा, निम्मा हिस्सा मोठ्या गुंतवणूकदारांना विकायचा आणि आलेले भांडवल पुढच्या प्रकल्पात घालायचे. व्याज स्वस्त होते तोवर हे चाक छान फिरले.

मग व्याजदर चढले, पोलाद आणि यंत्रे महागली आणि विजेचे दर मात्र आधीच करारात बांधलेले होते. २०२३ मध्ये न्यू जर्सीजवळचे दोन प्रकल्प सोडून द्यावे लागले व अमेरिकेतल्या कामांपायी मुख्यतः २८.४ अब्ज क्रोनरचे मूल्य हिशेबातून पुसून टाकावे लागले. २०३० साठीचे ५० गिगावॅटचे उद्दिष्ट ३५ ते ३८ वर आले. या ऑगस्टमध्ये तर ऱ्होड आयलंडजवळचा ८० टक्के झालेला प्रकल्प अमेरिकी सरकारच्या एका आदेशाने थांबला; महिन्याभराने न्यायालयाने काम सुरू करू दिले. दरम्यान कंपनीने भागधारकांकडूनच ६० अब्ज क्रोनर मागितले, सरकारने आपला वाटा भरला आणि सुमारे दोन हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले. बंदरावरच्या आमच्या छोट्या कंपनीला कामे तिकडूनच येतात, त्यामुळे कॅन्टीनमध्ये सध्या दुसरा विषय नसतो. माझी काळजी करू नका, माझे काम मार्चपर्यंत पक्के आहे.

एस्बियर्गचे कोळसा केंद्र गेल्या वर्षी ऑगस्टअखेर बंद झाले. खरे तर ते आधीच बंद व्हायचे होते, पण युक्रेनच्या युद्धामुळे विजेची चणचण भासेल म्हणून सरकारनेच ते चालू ठेवायला लावले. शहराचे गरम पाणी आता समुद्राच्या पाण्यातून उष्णता ओढणाऱ्या अजस्र पंपांवर आणि लाकडाच्या चिपांवर चालते. केंद्रात काम केलेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. बॉयलर थंड झाल्यावर पहिले काही दिवस त्यांना पहाटे चारला उगीच जाग येई, असे ते सांगत होते. मला तुमची रात्रपाळी आठवली.

चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाले, तेव्हा त्यांवरची माणसे कुठे गेली, कंत्राटी कामगारांचे काय झाले, हे तुम्ही कधी नीट सांगितले नाहीत. वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, ऊर्जानगरमधल्या कोणाकोणाचे तुम्हाला माहीत आहे, ते पुढच्या पत्रात लिहा. मला ते शेजाऱ्यांना सांगायचे आहे.

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
थोरली