पंप बदलण्याआधी वाफेचा विचार करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीची दुरुस्ती घरच्या घरी कशी करावी, यावर हल्ली बरेच छापून येते. ते मी आवडीने वाचते. पण पेट्रोलच्या टाकीतला पंप बदलण्याची कृती सांगताना सगळे पाने-स्क्रू नीट समजावले जातात आणि शेवटी एका ओळीत ‘योग्य ती काळजी घ्यावी’ म्हणून विषय संपतो. ही काळजी म्हणजे नेमके काय, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आमच्याकडे २४ वर्षांची पेट्रोल गाडी आहे. माझ्या यजमानांनी घेतलेली. ते गेल्यापासून मुलगा आणि मी मिळून ती सांभाळतो. गेल्या महिन्यात ती चढावर मान टाकू लागली. सपाट रस्त्याला काही तक्रार नाही, चढ लागला की गचके. मग एके दिवशी सेल नुसताच फिरत राहिला. किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची जी बारीक घरघर येते, ती आलीच नाही. मुलगा म्हणाला, “आई, पंप गेला.”

मी त्याला थांबवले, कारण तीन वर्षांपूर्वीही आम्ही असेच म्हटले होते. तेव्हा नवा पंप बसवला आणि आठवड्याभरात तेच दुखणे परत आले. दोष निघाला अर्थिंगच्या वायरीत. ती बॉडीला जिथे स्क्रूने आवळलेली असते तिथे हिरवट गंज चढला होता. पॉलिशपेपरने घासून ती पुन्हा आवळली आणि गाडी सुरळीत झाली. चांगला पंप मात्र आम्ही काढून टाकला होता. म्हणून या वेळी आधी फ्यूज पाहिला, रिले (पंपाला वीज सोडणारा विद्युत स्विच) दुसरा लावून पाहिला आणि टाकी बंद असतानाच पंपाच्या कनेक्टरला गाडीचाच २१ वॅटचा बल्ब जोडला. नुसत्या मीटरवर विसंबू नये. गंजलेल्या वायरीतूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. बल्बला लागतो. किल्ली फिरवताच बल्ब लख्ख पेटला, म्हणजे वीज पंपापर्यंत नीट पोहोचत होती. या खेपेस पंपच गेला होता.

गाडी मोकळ्या अंगणात ढकलत आणली. बॅटरीची ऋण वायर काढली. इंजेक्शनच्या गाडीत (जिच्या इंजिनात पेट्रोल दाबाने फवारले जाते) इंधनाच्या नळीत साधारण ३ बार दाब असतो आणि इंजिन बंद झाल्यावरही तो बराच वेळ टिकतो. गाडी चालू होत असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. आमची चालूच होत नव्हती, म्हणून नळीच्या सांध्याभोवती जाड फडके गुंडाळून, चष्मा लावून तो हळूहळू सैल केला. तरीही एक चिळकांडी फडक्यात आलीच.

सीटखाली टाकीवर पंपाचे जे झाकण असते, त्याच्याभोवती इतक्या वर्षांची धूळ बसली होती. ती उघडण्याआधीच ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढली होती. झाकणाची रिंग फिरवून झाल्यावर मुलाला कडेला थोडी माती राहिलेली दिसली आणि त्याने क्लीनरची नळी पुन्हा हातात घेतली. मी ओरडले, “अरे, बटण दाबू नकोस! ठेव ते खाली!” त्या यंत्राच्या मोटारीत कार्बनच्या ब्रशपाशी (मोटारीला वीज पोहोचवणाऱ्या तुकड्यांपाशी) सतत ठिणग्या पडत असतात आणि ते उघड्या टाकीवरची वाफ थेट त्या ठिणग्यांकडे ओढून नेणार होते. आजही ते आठवले की माझे हात गार पडतात.

मी २८ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. प्रयोगशाळेत मुलांना एक प्रयोग करून दाखवत असे. उतरत्या पन्हळीच्या वरच्या टोकाला पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा, खालच्या टोकाला पेटती मेणबत्ती. क्षणभर काहीच होत नाही आणि मग ज्योत खालून वर धावत जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास मिसळली तरी पेट घेते, आणि शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट्रोल तेवढी वाफ सोडते. बंद गॅरेजमध्ये ती जमिनीलगत पसरते आणि लांब कोपऱ्यातल्या फ्रिजपर्यंत किंवा गिझरपर्यंत जाऊन पोहोचते. गाडीखाली लोंबणारा साधा काचेचा बल्ब फुटला तर तेवढेही पुरते. म्हणून काम उघड्यावरच करावे, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा आणि टाकीत शक्य तितके कमी पेट्रोल असताना करावे.

जुना पंप बाहेर आला तेव्हा खरे कारण दिसले. त्याच्या तळाची जाळी काळ्या रबराच्या कणांनी गच्च भरली होती. तीन वर्षांपूर्वी आम्हीच टाकीच्या आत इंधनाचा साधा रबरी पाइप लावला होता. तो आतून पेट्रोल सोसतो, पण बाहेरून बुडालेला राहिला की फुगतो आणि झडतो. टाकीच्या आत बुडण्यासाठी बनवलेला पाइप वेगळा मिळतो, तोच लावायला हवा. पंपाला पेट्रोलच थंड ठेवते. जाळी तुंबल्यावर तो उपाशी आणि तापलेला चालत राहिला असणार. (नेहमी रिझर्व्हवर गाडी हाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.)

टाकीच्या तळाचे कण काढून नवा पंप, नवी जाळी, योग्य पाइप आणि झाकणाची नवी ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) बसवली. वाफ पूर्ण विरल्यावर बॅटरी जोडली, नळीत दाब भरावा म्हणून सेल न मारता चार वेळा किल्ली फिरवली, सांधे कोरडे आहेत हे बोटाने पाहिले आणि मगच गाडी चालू केली.

आपल्या पानावर अशी कृती छापताना वाफेचा मजकूर पहिल्या परिच्छेदात घ्यावा, एवढी विनंती. तो फुगलेला पाइप आणि ती जाळी मी जपून ठेवली आहे. छायाचित्र उपयोगी पडणार असेल तर अवश्य पाठवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका