माळ्यावरचा तो खोका भंगारात देऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, घराला रंग काढल्याचं तू सांगितलंस आणि त्याच ओघात म्हणालीस, "माळ्यावरचा रेकॉर्डचा खोका आता भंगारवाल्याला देऊन टाकते. प्लेअर बंद, पिन मिळत नाही, नुसती धूळ खातोय." मागे रंगाऱ्यांची ठोकाठोक चालली होती, त्यात बोलणं तसंच राहिलं. म्हणून हे लिहायला घेतलं. खोका देऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

इथे माझ्याकडेही तसाच एक खोका निघालाय. मी शिकायला आले तेव्हा डेट्रॉइटमध्ये ज्या बाईंकडे भाड्याने राहायचे त्या आठवतात ना? बाबा, तुम्ही फोनवर त्यांना दर वाक्याला "मॅडम" म्हणायचात. त्या मुलाकडे जॉर्जियाला राहायला गेल्या तेव्हा जड सामान नको म्हणून सिंगल रेकॉर्डचा खोका मला देऊन गेल्या. माझ्याकडे तेव्हा प्लेअर नव्हता. पुढे आम्ही घरं बदलली, खोका या तळघरातून त्या तळघरात गेला, उघडून कुणी बघितला नाही. यंदाच्या थंडीत तुमच्या जावयाने जुन्या सामानाच्या दुकानातून एक टर्नटेबल आणलं, बेल्ट बदलला, नवी सुई बसवली. तेव्हापासून रात्री जेवणं आटोपली की आमच्याकडे टीव्ही लागत नाही.

सात इंची तबकड्या, आपल्या ईपीएवढ्याच. पण आपल्या ईपीवर चार-चार गाणी असायची. इथे एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, की संपलं. मधलं भोक मात्र केवढं! दीड इंचाचं. आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये ही पंचेचाळीसच्या स्पीडची, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी तबकडी काढली तेव्हा सोबत मशीनही विकायला आणलं होतं. जाडजूड दांड्यावर तबकड्यांची चळत लावायची, एक संपली की दुसरी आपोआप खाली पडून वाजायची. साध्या प्लेअरवर लावायची तर त्या भोकात प्लास्टिकची चकती बसवावी लागते. बाईंनी बऱ्याच तबकड्यांत ती पिवळी चकती बसवूनच ठेवलीय. लेबलवर निळ्या शाईने त्यांचं लग्नाआधीचं नाव. कुणाकडे पार्टी असली की ज्याने-त्याने आपल्या रेकॉर्ड घेऊन जायच्या, परतताना अदलाबदल नको म्हणून नाव घालायचं. तुझ्या पातेल्यांवर असतं तसं, आई. एका लेबलवर मात्र त्यांचं नाव खोडून कुणा मुलाचं नाव लिहिलंय आणि मग तेही खोडलंय. त्याबद्दल मी त्यांना विचारणार नाही.

बाबा, आता तुमच्या कामाचं. खोक्यातल्या बहुतेक तबकड्या मोटाउन कंपनीच्या आहेत. निळ्या लेबलवर नकाशा आणि डेट्रॉइटच्या जागी लाल तारा. ही कंपनी काढणारा बेरी गॉर्डी त्याआधी लिंकन-मर्क्युरीच्या मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होता. एका टोकाने नुसता सांगाडा आत येतो, दुसऱ्या टोकाने चालती गाडी बाहेर पडते, हे रोज बघून त्याच्या डोक्यात बसलं की गाणीही अशीच काढता येतील. जानेवारी १९५९ मध्ये त्याने घरच्यांच्या बचत निधीतून ८०० डॉलर कर्ज घेतलं. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधं दुमजली घर घेतलं. मागच्या बाजूला आधी फोटोग्राफरचा स्टुडिओ होता, तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं. पुढे तो स्टुडिओ दिवसाचे २२ तास चालायचा. आवाजाला घुमारा यावा म्हणून छताला भोक पाडून वरचा माळा वापरात आणला. आता त्या घराचं संग्रहालय झालंय. त्या भोकाखाली उभं करून टाळी वाजवायला सांगतात, टाळी वर जाऊन फिरून परत येते. माळ्याचा असाही उपयोग करता येतो, आई.

आणि बाबा, दर शुक्रवारी क्वालिटी कंट्रोलची मीटिंग! नावसुद्धा कारखान्यातलंच. आठवड्यात तयार झालेली गाणी एकामागून एक लावायची, बसलेल्या सगळ्यांनी मतं द्यायची, पडलं ते गाणं परत स्टुडिओत नाहीतर कपाटात. मोठ्या स्पीकरवर काहीही बरंच वाटतं, म्हणून गाडीतल्या रेडिओएवढ्या लहान स्पीकरवरही वाजवून बघायचे, कारण पोरं ऐकणार ती गाडीतच. तुम्ही इन्स्पेक्शनला होतात तेव्हा रात्री जेवताना रिजेक्शनच्या गोष्टी सांगायचात, त्या मला हे वाचताना आठवत होत्या.

मला मात्र ही लाइनची गोष्ट अर्धीच पटते. लाइनवर माणूस बदलला तरी बोल्ट बसतो. (तुम्ही लगेच म्हणाल, "बसतो, पण कसा बसतो ते विचार." बरोबर आहे. पुढचं त्याबद्दलच आहे.) गायक बदलायचे, गीतकार बदलायचे, पण स्टुडिओत वाजवणारी मंडळी बहुतेक तीच असायची. आपसात ते स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवायचे. दिवसा इथे, रात्री क्लबात, मूळचे बरेचसे जाझ वाजवणारे. त्यांतला जेम्स जेमरसन बास गिटार एका बोटाने वाजवायचा, उजव्या हाताच्या तर्जनीने. परवा मी फोर टॉप्स या गटाचं १९६६ चं 'रीच आउट' लावलं आणि गायकाकडे मुद्दाम लक्षच दिलं नाही. ते सोपं नाही. त्या गायकाला पट्टी मुद्दाम उंच दिली आहे, त्याचा आवाज ताणला जावा, जवळजवळ ओरडावा म्हणून. पण खाली बास ऐकत राहिलं की कळतं, तो नुसता ठेका धरत नाहीये. गायक श्वास घ्यायला थांबतो त्या फटीत तो धावत सुटतो आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दाला बरोबर जागेवर येऊन उभा राहतो. हे मोबाइलवर कधी ऐकू आलं नव्हतं. आता यूट्यूबवर ऐकलं तरी मला आधी बासच ऐकू येतो.

तबकडीवर गायकाचं नाव आहे, गीतकाराचं आहे, निर्मात्याचं आहे. जेमरसनचं नाही. मोटाउनने या वादकांची नावं छापली ती १९७१ मध्ये, मार्विन गे या गायकाच्या एका अल्बमवर. तोवर दहा वर्षं जग यांच्या ठेक्यावर नाचत होतं. गाणं कितीही खपलं तरी यांचे पैसे ठरलेले, त्यामुळे मंडळी गुपचूप बाहेरचं कामही करायची. जॅकी विल्सनचं १९६७ चं 'हायर अँड हायर' आहे ना, ते दुसऱ्याच कंपनीचं आणि शिकागोत रेकॉर्ड केलेलं, पण त्यावर बास जेमरसनचा आहे. यातली गंमत अशी की गॉर्डीने मोटाउनच्या आधी नाव कमावलं ते याच जॅकी विल्सनसाठी गाणी लिहून. १९७२ मध्ये कंपनीने बाडबिस्तरा लॉस एंजेलिसला हलवला. वादक सांगायचे की त्यांना ते स्टुडिओच्या दाराला लावलेल्या चिठ्ठीवरून कळलं. गेटवर लागलेल्या नोटिशीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार.

आई, कंटाळलीस का? तुझ्यासाठी दोन गोष्टी राखून ठेवल्यात.

आमच्या घरापासून जवळच इंकस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेतल्या मुलींचा एक गट होता, मार्व्हलेट्स. १९६१ मध्ये त्यांनी 'प्लीज मिस्टर पोस्टमन' गायलं आणि ते अमेरिकेच्या पॉप गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं मोटाउनचं पहिलं गाणं ठरलं. बाबांनी रेडिओवर ऐकलं असेल ते बहुधा सत्तरच्या दशकातलं कार्पेंटर्सचं, गुळगुळीत. हे मूळचं तसं नाही. मुख्य गाणारी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची, घसा किंचित बसलेला, टपालवाल्याला थांबवून माझं पत्र आलंय का ते नीट बघा म्हणणारी. पण मला तुला सांगायचं आहे ते तिच्याबद्दल नाही. हे गाणं मुळात आणलं, त्याला आकार दिला तो त्यांच्यातल्याच जॉर्जिया डॉबिन्सने. रेकॉर्डिंगच्या आधीच तिला गट सोडावा लागला. आई आजारी, घरी तिचं बघायला हवं, आणि वडील नको म्हणाले. लेबलवर गीतकारांत तिचं नाव आहे, गाण्यात आवाज नाही. तुझ्या आकाशवाणीच्या ऑडिशनचा विषय तू कधी काढत नाहीस, म्हणून मीही काढत नाही. पण ती तबकडी बघताना तू डोळ्यांसमोर आलीस, ते लिहून टाकते.

दुसरी गोष्ट हसण्याची. स्टीव्ही वंडर बारा वर्षांचा असताना शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये त्याचा कार्यक्रम झाला, त्याचं थेट रेकॉर्डिंग १९६३ मध्ये सिंगल म्हणून निघालं. गाणं लांब, तबकडीच्या एका बाजूत मावेना, म्हणून पहिला भाग इकडे, दुसरा तिकडे. गाजला तो दुसरा. गाणं संपतं, टाळ्या पडतात, पोराला आत नेतात, आणि हा पठ्ठ्या हार्मोनिका घेऊन परत येऊन सुरू! तोवर पुढच्या गायिकेचा बासवाला मंचावर येऊन उभा राहिलेला. तो बिचारा घाबरून ओरडतो, "पट्टी कोणती? पट्टी कोणती?" हे सगळं तबकडीवर जसंच्या तसं आहे. कुणी कापलं नाही, आणि त्या गोंधळासकट गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये हे पास झालं याबद्दल मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. नातू तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगतो आणि आता दूध प्यायला बोलावलं तरी "पट्टी कोणती?" म्हणतो.

जाता जाता, याच कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागलेली मार्था रीव्हज पुढे तिथलीच मोठी गायिका झाली आणि त्याहून पुढे डेट्रॉइटची नगरसेविका. काम कसं केलं याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, म्हणजे नगरसेवकांचं असतं तसंच.

आता खोक्याचं. आई, माळ्यावर स्लॅब थेट डोक्यावर येतो आणि एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी पेटते. त्या उष्णतेने ईपी आणि एलपी वाकड्या होतात. खोका खाली आणून कपाटात ठेव, आणि तबकड्या आडव्या रचू नकोस, पुस्तकांसारख्या उभ्या ठेव. धूळ असेल तर मऊ कापड, साधं स्वच्छ पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब. पुसताना गोल फिरवत पुसायचं, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. तळाशी आजोबांच्या जाड, जड, अठ्ठ्याहत्तरच्या स्पीडच्या आहेत, त्या लाखेच्या. त्यांना सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात लावू नकोस, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्या हातातून सुटल्या तर कपबशीसारख्या फुटतात, म्हणून बाबांना स्टुलावर चढवू नका. खालच्या मजल्यावरच्या दादाला बोलवा.

बाबा, आपल्या फिएस्टा प्लेअरच्या दांडीवर तुम्ही चिकटपट्टीने चार आणे लावले होतेत, सुई उडू नये म्हणून. ते काढून टाका. इथल्या बाईही तेच करायच्या. म्हणजे दोन्हीकडे गाणी ऐकणाऱ्यांनी वजन वाढवून खाचा झिजवल्या. आणि प्लेअर फेकायची घाई नको. मोटार फिरत असेल तर बहुतेक वेळा आतला रबर तेवढा कडक झालेला असतो. पुण्यात दुरुस्त करणारे अजून आहेत, मी चौकशी करून नंबर पाठवते. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. ईपीची सुई त्यांच्यावर घालू नका आणि ग्रामोफोनची स्टीलची पिन चुकूनही ईपीवर नको.

बाबूजींच्या आणि माणिक वर्मांच्या ईपी मला माहीत आहेत, त्या तशाच नीट ठेवा. पण खोक्यात एक इंग्रजी तबकडीही होती. बोटीवरच्या मामाने आणलेली, बिनकव्हराची. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती, कारण ती प्लेअरवर बसायचीच नाही, नुसती गरगरायची. आता मला वाटतंय की तिचं मधलं भोक मोठं होतं. बाबा, चष्मा लावून बघा. भोक दीड इंचाचं असेल तर तबकडी बहुधा अमेरिकेची. लेबलचा रंग कोणता आहे आणि त्यावर काय छापलंय ते अक्षर न अक्षर वाचून दाखवा, किंवा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा. पिवळ्या चकत्या माझ्याकडे भरपूर आहेत, दिवाळीत येताना घेऊन येते.

बाबांचे बीपीचे आकडे अजून पाठवले नाहीत. तेही त्याच फोटोबरोबर पाठवा.

तुमची,
धाकटी