मन्या, तुझ्या एफवनच्या प्रश्नाचं उत्तर

कोलंबस, इंडियाना

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला, "आता तिकडे पण सगळे एफवनच बघतात ना, नॅसकार म्हाताऱ्यांचं झालं", म्हणजे अमेरिकेत आता फॉर्म्युला वनच चालते, इथली जुनी बंद गाड्यांची नॅसकार मागे पडली असं तुझं म्हणणं. दोन ओळीत उत्तर देऊन भागेना म्हणून हे पत्र, चहा घेऊन बस.

आकडे आधी सांगून टाकतो. २०१८ ला इथे टीव्हीवर एफवनची एक रेस सरासरी साडेपाच लाख लोक बघायचे, २०२२ ला ते बारा लाखांवर गेलं, म्हणजे चार वर्षांत दुप्पट. नेटफ्लिक्सच्या एफवनवरच्या त्या मालिकेनं जादू केलीये हे खरंच आहे, ऑस्टिन होतंच, त्यात मायामी आणि लास व्हेगास आलं, एका देशात तीन रेस! आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या पोरी सोमवारी टायर स्ट्रॅटेजीवर भांडतात आणि मला ते ऐकताना फार बरं वाटतं. पण नॅसकारचा साधा रविवार अजूनही एफवनच्या जवळपास दुप्पट लोक बघतात. आणि गेल्या वर्षी, २०२५ ला, इंडी ५००, म्हणजे इंडियानापोलिसच्या स्पीडवेवरची पाचशे मैलांची रेस, सत्तर लाखांच्या आसपास लोकांनी बघितली, नॅसकारच्या सगळ्यात मोठ्या रेसपेक्षा, त्या वर्षीच्या डेटोना ५०० पेक्षाही जास्त. तिकिटं संपली होती, साडेतीन लाख माणूस एका मैदानात. आपली अख्खी पर्वती, कोथरूड एका जागी आणून बसवल्यासारखं वाटतं रे, मी त्यात बसलेलो होतो.

मग इंडीकार, म्हणजे इंडी ५०० ज्या मालिकेत येते ती, एरवी मागे का पडली हे विचारशील. अरे, भावकीचं भांडण. १९९६ ला स्पीडवेच्या मालकांच्या घरातल्या टोनी जॉर्जनी स्वतःची वेगळी लीग काढली, मोठ्या टीम्स आणि नावाजलेले ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला कार्ट नावाच्या जुन्या मालिकेत राहिले, आणि इंडी ५०० च्याच दिवशी त्यांनी मिशिगनला आपली वेगळी रेस लावली. बारा वर्षं चाललं हे. २००८ ला परत एकत्र आले पण तोवर लोक उठून नॅसकारकडे गेले होते. इथल्या गावाचंच उदाहरण देतो, टोनी स्टुअर्ट आमच्या कोलंबसचा. आधी मातीच्या ट्रॅकवर छोट्या गाड्या चालवल्या, मग ९६-९७ चं इंडी लीगचं टायटल घेतलं, आणि १९९९ ला गेला नॅसकारला, तिथे तीनदा चॅम्पियन. गावचा पोरगा जिकडे गेला तिकडे गाव गेलं, मला तरी याहून वेगळं कारण दिसत नाही. एफवनमध्ये इथल्या पोरानं जायचं म्हणजे लहानपणीच युरोपात जाऊन राहायला लागतं, बापाकडे पैसा लागतो. मातीचा ट्रॅक इथे दर शुक्रवारी-शनिवारी गाडीनं तासाभराच्या आत सापडतो.

आता खरी गोष्ट सांगतो जी तुला सांगायची राहिली होती. १९ जून २००५ आठवतंय? तुमच्या कोथरूडच्या घरी, रात्री साडेअकरा, काकू ओरडत होत्या आवाज कमी करा म्हणून, आणि नारायण कार्तिकेयन चौथा आला, पाच पॉइंट्स, एफवनमध्ये पॉइंट मिळवणारा पहिला भारतीय. आपण गॅलरीत जाऊन नाचलो होतो. ती रेस इथलीच, इंडियानापोलिसची. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी शेजारच्या डेस्कवरच्या सिनियरला हे कौतुकानं सांगायला गेलो तर तो एकदम गप्प झाला. म्हणाला, मी त्या दिवशी स्टँडमध्ये होतो, मुलाला पहिल्यांदाच एफवन दाखवायला नेलं होतं. मिशेलिनचे टायर तिथल्या तिरक्या उताराच्या (बँकिंगच्या) वळणावर टिकत नव्हते, म्हणून रेसआधीची फॉर्मेशन लॅप संपली आणि वीसपैकी मिशेलिनवाल्या चौदा गाड्या सरळ पिटमध्ये, टायर बदलायच्या जागेकडे, वळल्या, सहाच उरल्या. लोकांनी बाटल्या फेकल्या ट्रॅकवर. पोरगा विचारत राहिला बाकीच्या गाड्या कधी येणार, आणि याला काही सांगता येईना. मिशेलिननं तिकिटाचे पैसे नंतर परत दिले, पण तो मुलगा आता तिशीत आहे आणि एफवनचं नाव काढलं की उठून जातो म्हणे. मन्या, आपला नाचायचा दिवस तो यांचा रडायचा दिवस होता, मला कितीतरी दिवस ते डोक्यातून जाईना. २००७ नंतर एफवन इथून गेलीच, अमेरिकेत परत यायला २०१२ उजाडलं.

त्याच सिनियरच्या वडिलांनी १९५२ ची इंडी ५०० बघितलेली, ज्यात आमच्या कोलंबसच्या कमिन्स या इंजिनवाल्या कंपनीची डिझेल गाडी पोलवर, म्हणजे सुरुवातीला सगळ्यात पुढे होती! डिझेल, पोलवर! ७१ लॅप झाल्या आणि इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या तोंडात ट्रॅकवरचा रबराचा कचरा जाऊन बसला, गाडी बंद. त्याच्या नातवंडांना पण ७१ हा आकडा पाठ आहे. कोथरूडच्या कमिन्सच्या गेटसमोरून आपण रोज सायकलनं जायचो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर किती मजा आली असती. त्यांच्या घरात स्टँडमधल्या त्याच चार सीट दरवर्षी रिन्यू करतात, आजोबांपासून. असलं नातं टीव्हीच्या आकड्यात कुठे मोजणार सांग.

आणि नारायणचं अजून एक, तो २०१० ला नॅसकारच्या पिकअप ट्रकच्या सिरीजमध्ये उतरला आणि मतदानात त्या वर्षीचा मोस्ट पॉप्युलर ड्रायव्हर ठरला. त्यात आपल्याकडची मतं असणारच, पण तरी.

पुढच्या मे मध्ये ये. त्या चारातली एक सीट रिकामी होतीये, त्यानं मला विचारलंय आणि मी तुझं नाव सांगून ठेवलंय. स्वतःचा डबा नि कूलर आत नेता येतो, मी पोळी-ठेचा नेतो. इंडी ५०० जिंकणारा दूध पितो ते तुला माहितीये, पण १९३६ ला लुई मेयरनं तिसऱ्यांदा जिंकल्यावर बाटलीतनं प्यायलं ते ताक होतं, उन्हातनं आलं की ताक प्यायची सवय आईनं लावलेली म्हणून. काकूंना हे नक्की सांग. व्हिसाची अपॉइंटमेंट आत्ताच घे, उशीर करू नकोस.

तुझा,
सुध्या