गाणी लिहून घर चालते का?

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या नातीने इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या, बेलमाँट विद्यापीठात गीतलेखनाच्या पदवीसाठी अर्ज केल्याचे कळले, तेव्हा "गाणी लिहून कुणाचे घर चालले आहे का?" असे बाबांनी फोनवर विचारले. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून सवडीने लिहिते आहे. आपल्याकडच्या गीतकारांची गाणी घरोघरी वाजत राहिली आणि त्यांना मात्र एकरकमी मानधनावर समाधान मानावे लागले, हे बाबांनी आयुष्यभर पाहिले आहे. चित्रपटगीतांच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा कुणाला लिहून घेता येणार नाही, असा कायदा आपल्या देशातही 2012 साली झाला. त्यामुळे बाबांची शंका मला रास्त वाटते आणि तिचे उत्तर मी एका जोडप्याच्या संसारावरून देणार आहे.

बूडलो ब्रायंट आणि फेलिस ब्रायंट हे ते जोडपे. बूडलो 1920 साली जॉर्जिया राज्यात जन्मला, शास्त्रीय पद्धतीने व्हायोलिन शिकला, अटलांटाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला आणि पुढे कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या गाण्यांच्या, बँडमध्ये गेला. फेलिस ही मिलवॉकीच्या इटालियन कुटुंबातली मुलगी. 1945 साली ती तिथल्या एका हॉटेलात लिफ्ट चालवत होती आणि तो त्याच हॉटेलात वाजवायला आला होता. ओळख झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी लग्न केले. ती लहानपणापासून कविता करत असे, त्याला स्वरलिपी येत होती. दोघे मिळून गाणी रचू लागले आणि लोकांकडे पाठवू लागले. लिटल जिमी डिकन्स या गायकाने 1949 साली त्यांचे 'कंट्री बॉय' हे गाणे गायले, ते चालले, आणि पुढच्याच वर्षी हे दोघे बिऱ्हाड घेऊन नॅशव्हिलला आले. सुरुवातीला त्यांचे घर म्हणजे एक ट्रेलर, चाकांवरची खोली, होता. त्या काळी या गावात गाणी लिहिणारे बहुतेक जण स्वतः गायकही असत. स्टेजवर न जाता केवळ गीतलेखनावर संसार चालवायचा, असे ठरवणाऱ्या पहिल्या लोकांत या दोघांची गणना होते.

बाबा, इथल्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात 2019 साली त्यांच्यावर प्रदर्शन भरले होते, तिथे त्यांच्या वह्या मांडल्या होत्या. त्या चक्क हिशेबाच्या जाडजूड खतावण्या होत्या, तुम्ही पेढीवर दिवाणजी असताना वापरत होता तशा, आणि जमाखर्चाच्या जागी पानामागून पान हाताने लिहिलेली गाणी होती. त्या काचेसमोर मला तुमचीच आठवण आली. त्या दोघांच्या नावावर हजारो गाणी आहेत आणि त्यांतली शेकडो रेकॉर्ड झाली, म्हणजे बाकीची बहुसंख्य गाणी कुणीही गायली नाहीत. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून एवढे काम होत नाही. ज्याला बाजारात रोज माल आणावा लागतो, त्याचीच ही शिस्त असते.

आईला सांगण्याजोगी गोष्ट अशी की या धंद्याचा एक मोठा भाग फेलिसच्या स्वयंपाकघरात झाला. गायकांना आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या माणसांना ती घरी जेवायला बोलवी, इटालियन पद्धतीचा स्वयंपाक पोटभर खाऊ घाली आणि मग नवी गाणी ऐकवी. आपले गाणे योग्य गळ्यापर्यंत पोचवणे हे इथल्या गीतकाराचे अर्धे काम आहे. त्यांचे 'बाय बाय लव्ह' कित्येक गायकांनी नाकारल्यावर 1957 साली एव्हर्ली ब्रदर्स या नवख्या भावांकडे गेले आणि देशभर गाजले. त्यानंतर त्याच भावांसाठी त्यांनी एकामागून एक गाणी दिली. बूडलोने लिहिलेले 'लव्ह हर्ट्स' त्या भावांनी 1960 साली गायले, पुढच्या वर्षी रॉय ऑर्बिसनने गायले आणि सत्तरच्या दशकात नॅझरेथ या स्कॉटिश रॉक बँडनेही गाजवले. प्रत्येक वेळी गाणारा बदलला, गीतकाराचा हिस्सा मात्र कायम राहिला.

आता हिशेब, कारण बाबांचा खरा प्रश्न तोच आहे. त्या काळी अमेरिकेच्या कायद्यानुसार विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे एका गाण्याला 2 सेंट मिळत, आणि ते प्रकाशक (गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी) व गीतकार सहसा निम्मे-निम्मे वाटून घेत. म्हणजे 10 लाख रेकॉर्ड खपल्या, तर लेखकाच्या वाट्याला 10,000 डॉलर. शिवाय इथे रेडिओवर गाणे लागले की त्याचे पैसे गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गायकाला नाही. ते पैसे गोळा करून वाटणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्यांतली बीएमआय 1939 साली स्थापन झाली आणि तिने कंट्री गीतकारांना दार उघडले. ब्रायंट दांपत्याचा मुलगा डेल पुढे याच संस्थेचा अध्यक्ष झाला, यावरून त्या घरात मुलांच्या कानावर काय पडत असेल याची कल्पना येते.

मला या दोघांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्यांच्या कुठल्याही गाण्यात नसून एका करारात आहे. अकफ-रोज या प्रकाशन कंपनीशी करार करताना त्यांनी दहा वर्षांनी गाण्यांचे हक्क आपल्याकडे परत येतील, अशी अट घालून घेतली. तेव्हाचे गीतकार हक्क कायमचे देऊन मोकळे होत असताना या दोघांनी म्हातारपणाची तरतूद कागदावर करून ठेवली आणि मुदत संपल्यावर 'हाउस ऑफ ब्रायंट' ही स्वतःची कंपनी उभी केली. त्याच सुमारास, 1967 साली, गॅटलिनबर्गच्या डोंगराळ गावात एका हॉटेलच्या खोलीत ते वार्धक्यावरची संथ गाणी लिहीत बसले होते. फेलिसला त्याचा कंटाळा आला आणि तिने काहीतरी उडत्या चालीचे लिहू या असा हट्ट धरला, तेव्हा सुमारे दहा मिनिटांत 'रॉकी टॉप' तयार झाले. दहा मिनिटांमागे वीसेक वर्षांची रोजची लिहिण्याची सवय होती, हे मी नातीला वारंवार सांगते. ते गाणे 1982 साली टेनेसीच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या, राज्यगीतांपैकी एक ठरले, टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत हजारो लोक ते एका सुरात म्हणतात, आणि 2014 साली लेक सिटी नावाच्या गावाने स्वतःचे नावच बदलून रॉकी टॉप करून घेतले. बूडलो 1987 साली गेला, फेलिस 2003 साली. दोघांचा हॉल ऑफ फेममध्ये एकत्र समावेश 1991 साली झाला.

आजचे चित्र इतके सुखाचे नाही आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. रेकॉर्डमागचा दर आता 12 सेंटांच्या वर गेला आहे, पण रेकॉर्ड विकत घेणारेच उरले नाहीत; स्ट्रीमिंगवर एका वेळच्या ऐकण्याचे गीतकाराला मिळणारे पैसे नगण्य असतात. नव्या गीतकाराला प्रकाशक दरमहा काही रक्कम देतो खरा, परंतु ती पगार नसते, उचल असते, आणि पुढच्या कमाईतून वळती होते. सकाळी दहा-अकराला दोघे-तिघे एका खोलीत बसतात, दुपारपर्यंत एक गाणे पुरे करतात, आणि अशा कितीतरी गाण्यांतून एखाद्याला 'कट' मिळतो, म्हणजे ते कुणी गायक रेकॉर्ड करतो.

तरीही मी तिच्या बाजूने उभी आहे. शाळेतून आल्यावर ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी गिटार घेऊन बसते, दुसऱ्या कडव्यात गोष्ट पुढे सरकली नाही तर अख्खे कडवे खोडते आणि मी जेवायला हाक मारली तरी उठत नाही. लिहिण्याची मेहनत तिला येते. कागदपत्रांची सावधगिरी तिला कुणीतरी शिकवली पाहिजे आणि ती बाबांइतकी चांगली कुणी शिकवेल असे मला वाटत नाही. अभ्यासक्रमात करार आणि कॉपीराइट हे विषय तिने घ्यावेत, अशी माझी अट तिने मान्य केली आहे.

पुढच्या रविवारी, तुमच्या संध्याकाळी, ती तुम्हाला फोन करून एक नवे गाणे ऐकवणार आहे. आईने चालीबद्दल जे वाटेल ते स्पष्ट सांगावे, नात म्हणून सूट देऊ नये. बाबांनी तिला काय विचारायचे ते आधीच लिहून ठेवावे. ती उत्तरांची तयारी करूनच बसणार आहे.

दोघांनी औषधे वेळेवर घ्यावीत.

तुमची लेक