उरलेल्या गोळ्या

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या वादविवादात तू गांजाच्या कायद्यावर बोलणार आणि कायदा बदलावा या बाजूनं बोलणार, हे फोनवर सांगितलंस. बाबांनी फोन माझ्या हाती दिला आणि गोठ्याकडे निघून गेले. रागावले नाहीत रे ते. हा विषय निघाला की त्यांना तुझे आबाजी आठवतात. तेव्हा तू आठवीत होतास, परीक्षा म्हणून तुला दारव्ह्याला मामाकडे ठेवलं होतं. घरात काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलंच नाही. आज वेचणीहून लवकर आले, म्हणून लिहायला बसले.

आबाजींनी चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. पानठेल्यावर पन्नीत घोटून घ्यायचा, गालात धरायचा आणि वावरात जायचं. त्याबद्दल गावात त्यांना कोणी कधी नाव ठेवलं नाही. पुढे तोंड दोन बोटंही उघडेना, गालाची जखम भरेना, तेव्हा नागपूरला नेलं. केमो सुरू झाली तशी पोटात पाणी ठरेना. वरणाचं पाणी चमच्यानं भरवायची मी, तेही उलटून पडायचं.

वरच्या आळीतले एक म्हातारे, दरवर्षी पचमढीच्या महादेवाला जाणारे, एका संध्याकाळी कागदात बांधून भांगेची गोळी घेऊन आले. "चण्याएवढी दे बाई, भूक लागन, झोप लागन." ते गेले आणि मी ती चुलीत टाकली. टाकली याचं वाईट वाटत नाही. किती द्यायची, बाकीच्या औषधांशी जमेल की नाही, मला काहीच माहीत नव्हतं. वाईट याचं वाटतं की पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बसले, तरी विचारलं नाही. आशा वर्कर असून गांजा-भांगेचं नाव कसं घेऊ, ते मला काय समजतील, याची लाज वाटली.

दिवाळीत तू ठेवून गेलास ते कायद्याचं पुस्तक मी वाचलं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं, ज्यांची भांग होते, त्यात धरलेली नाहीत, पानांबद्दल प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आणि ज्या कलमात बंदी आहे, त्याच कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला सूट आहे. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. वाट होती रे, अरुंद असेल, पण होती. मी विचारलंही नाही.

आता गोळ्यांचं सांगते. उपाय संपले तेव्हा डॉक्टरांनी दुखणं दाबायला मॉर्फिन लिहून दिलं, दर चार तासांनी एक गोळी. मॉर्फिन अफूचं, पण कायदा तोच आणि लाजही तीच. तुझी मोठी आत्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन म्हणाली, "म्हाताऱ्याले आता नशेच्या गोळ्या चारतं का वो?" मी घाबरले. चाराऐवजी आठ तासांनी द्यायला लागले, कधी रात्रीची टाळायची. आबाजी ओरडत नव्हते. दुपट्ट्याचं टोक दाताखाली धरायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून ते मुठीत पिळत राहायचे. सकाळी मूठ सोडवली की तळहातावर नखांचे चार व्रण दिसायचे. त्यांना सवय लागेल म्हणून आम्ही भीत होतो, आणि त्यांच्याजवळ महिना उरला होता.

म्हणून सांगते, तू बोल. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट कमी झाली, हे सांग. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं ठरलं, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं, हेही सांग. याच झाडातल्या, नशा न आणणाऱ्या एका द्रव्याचं औषध लहान मुलांच्या अवघड फिटवर अमेरिकेत २०१८ पासून मान्य आहे, हे सांग. पण गांजानं कॅन्सर बरा होतो असं कोणी म्हटलं तर त्याच्या बाजूला उभा राहू नकोस. आणि कोवळ्या वयात रोज चिलीम ओढून डोकं बिघडलेली पोरंही मी पाहिली आहेत. औषध म्हणजे डॉक्टर, मोजलेली मात्रा आणि नोंद, हे मी लसीकरणाच्या कामातून शिकले.

आपल्याच गावातलं एक पोरगं दोन वर्षांपूर्वी पुडीसकट सापडलं. एक किलोपर्यंतचा गांजा म्हणजे थोडी मात्रा, त्याला वर्षभरापर्यंत कैद नाहीतर दंड, किंवा दोन्ही. ते सुटून आलं, पण गावानं त्याला गंजेडी हे नाव दिलं ते सोडवता आलं नाही. सोयरीक मोडली. त्याची माय माझ्याकडे आली ती अंधार पडल्यावर, मागच्या दारानं. व्यसनी माणूस आपण होऊन उपचाराला गेला तर थोड्या मात्रेसाठी त्याच्यावर खटला चालत नाही, हे कलम तेव्हा मला माहीत असतं तर त्याच रात्री तिला सांगितलं असतं. भाषणात हे कलम नक्की घे. आमच्या मीटिंगमध्ये ते कधी कोणी सांगितलं नाही.

आबाजींच्या तेराव्यानंतर उरलेल्या गोळ्या मी नागपूरला परत नेऊन दिल्या. सिस्टरनं पट्ट्यांतून बोट फिरवत मोजल्या, वहीत लिहिलं, एकतीस. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढ्या उरल्या कशा?" मी सही केली आणि बाहेर आले.

जेवण वेळेवर कर. भाषण लिहून झालं की फोनवर वाचून दाखव, बाबांनाही स्पीकरवर ऐकवीन.

तुझी आई